विषाणू पेशीला चिकटत नाही? बाइंडिंगचा प्रयोग फसला की मी या क्रमानं तपासते

गरबे संपले की माझा फोन वाजायला लागतो. पावसाळ्यानंतरचे डेंग्यूचे दिवस, त्यात एम.एस्सी.च्या मुलांचे प्रोजेक्ट सुरू झालेले, आणि बडोद्यातल्या कुठल्या तरी लॅबमधून अर्ध्या मराठीत, अर्ध्या गुजरातीत तीच तक्रार: "ताई, वायरस चोंटतो ज नथी." मी पेशी-संवर्धनाच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. हा एक प्रयोग मी इतक्या वेळा फसवलाय आणि सुधारलाय, की आता फोनवरच निम्मं निदान होतं. तेच एकदा लिहून ठेवते.

प्रयोग कुठला ते आधी सांगते. प्लेटमधल्या पेशी थंड करायच्या, त्यावर डेंग्यूचा विषाणू घालायचा, ४ अंशांवर तासभर ठेवायचं, थंड पीबीएसनं (पेशींना सोसणारं खारं द्रावण) धुवायचं, मग आरएनए काढून आरटी-पीसीआरनं मोजायचं किती विषाणू राहिला. थंडीत पेशीचं आवरण गोठल्यासारखं होतं, पेशी काही गिळत नाही. म्हणून धुतल्यावर उरतो तो फक्त बाहेरून चिकटलेला विषाणू. प्रयोगाचा सगळा जीव या एका वाक्यात आहे, आणि बहुतेक घोळही इथेच होतात.

लक्षणं

पाचच तऱ्हा दिसतात.

सगळ्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यांत) जवळजवळ शून्य. किंवा उलट, सगळीकडे भरपूर, पेशी नसलेल्या रिकाम्या वेलमध्येसुद्धा. किंवा एकाच प्लेटवर शेजारच्या दोन वेलमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. चौथी तऱ्हा म्हणजे "मागच्या महिन्यात मस्त चाललं होतं, काहीच बदललं नाही." (काहीतरी बदललेलं असतंच. बहुतेकदा बाटली.) पाचवी जरा गूढ: रुग्णाचं सीरम घातल्यावर चिकटणं कमी व्हायला हवं, तर ते वाढतं.

आपली तऱ्हा कुठली ते आधी कागदावर लिहा. पहिली आणि दुसरी यांचे इलाज एकमेकांच्या उलट आहेत.

कोण कुणाला धरतं

हे वाचल्याशिवाय खालचे उपाय करू नका, नाहीतर नुसत्या बाटल्या बदलत बसाल.

डेंग्यूचा कण साधारण ५० नॅनोमीटरचा. त्याच्या अंगावर ई नावाच्या प्रथिनाच्या १८० प्रती, दोन-दोनच्या ९० जोड्या करून, फरशीसारख्या आडव्या बसवलेल्या. पेशीला हात लावायचा तो याच प्रथिनानं. पण त्याच्यासाठी पेशीवर एकच ठरलेला रिसेप्टर, म्हणजे धरायची जागा, नाही. चिकनगुनियाचं तसं नाही. २०१८ मध्ये क्रिस्पर या जीन कापणाऱ्या कात्रीनं पेशीतली एकेक जीन बंद करत गेल्यावर एमएक्सआरए८ हे प्रथिन सापडलं, आणि निदान एक मुख्य दार तरी हाती लागलं. डेंग्यू मात्र गर्दीच्या बसमध्ये चढणाऱ्या माणसासारखा, मिळेल ती दांडी धरतो.

पहिली दांडी हेपरान सल्फेट. बहुतेक सगळ्या पेशींच्या अंगावर असलेली, ऋण भार असलेली साखरेची लांब झालर. ई प्रथिनावरचे धन भाराचे भाग तिला धरतात. ही पकड विजेच्या भारावर चालते, तिला कॅल्शियम लागत नाही. दुसरी दांडी डीसी-साइन. ही त्वचेतल्या डेंड्रिटिक पेशींवर असते आणि ई प्रथिनावर ६७व्या जागी लागलेली मॅनोजवाली साखर पकडते. हिला कॅल्शियम लागतंच. तिसरी टिम आणि टॅम या घराण्यातली प्रथिनं. ती विषाणूच्या आवरणातलं फॉस्फॅटिडिलसेरीन धरतात. हे मेद जिवंत पेशीत आतल्या बाजूला असतं आणि पेशी मरताना बाहेर येतं. म्हणजे विषाणू मेलेल्या पेशीचं सोंग घेतो आणि साफसफाई करणारी पेशी त्याला उचलते. इथेही कॅल्शियम हवं. टॅमपैकी अ‍ॅक्सल या रिसेप्टरला तर मध्ये गॅस६ नावाचा दुवाही हवा, आणि तो सीरममधून येतो.

तर "चिकटत नाही" ही एक तक्रार नव्हेच. कुठली दांडी निसटली, ते शोधायचंय.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

*बर्फ खरंच थंड आहे का.* हसू नका. मे महिन्यात आमच्याकडे एसी बंद पडला की बाकावरची प्लेट बघता बघता कोमट होते. चोवीस वेलची प्लेट बर्फाच्या तुकड्यांवर ठेवली तर तिचा तळ दोन-चार जागीच बर्फाला टेकतो, बाकी खाली हवा. तिसऱ्या तऱ्हेचं, म्हणजे वेल-वेलमधल्या फरकाचं, हे मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण. मी घरून स्टीलची परात आणली, तीत बर्फ आणि पाणी यांचा लगदा करते, वर अ‍ॅल्युमिनियमचा सपाट ठोकळा, त्यावर प्लेट. एका रिकाम्या वेलमध्ये पाणी घालून थर्मामीटरचं टोक बुडवा. ६-७ अंशांच्या वर गेलं की पेशी हळूहळू गिळायला लागतात, आणि तुम्ही मोजताय ते निव्वळ चिकटणं राहत नाही. विषाणूही आधीच थंड करून घाला. फ्रीझरमधून काढून हातात धरून वितळवलेली कुपी सरळ पेशींवर ओतणारे महाभाग मी पाहिलेत.

*पीबीएसची बाटली.* माझ्या हिशेबात हीच पहिली गुन्हेगार. पीबीएस दोन प्रकारचं मिळतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं आणि नसलेलं. पेशी उचलताना नसलेलं वापरतात, त्यामुळे लॅबमध्ये तेच जास्त पडलेलं असतं, आणि घाईत तेच धुण्याला घेतलं जातं. आता वरचं आठवा. हेपरान सल्फेटवर चालणाऱ्या व्हेरो (माकडाच्या मूत्रपिंडाच्या) किंवा सीएचओ (हॅमस्टरच्या अंडाशयाच्या) पेशींना फारसा फरक पडणार नाही, पण डीसी-साइनवाल्या पेशींवरचा विषाणू पहिल्याच धुण्यात सुटून जाईल. म्हणून कुणी सांगितलं की "व्हेरोवर येतंय, डीसी-साइनवाल्या राजी पेशींवर शून्य" (राजी हा माणसाच्या पांढऱ्या पेशींचा लॅबमधला वाण), की मी आधी बाटलीचं लेबल वाचायला लावते. एका मुलीनं तीन आठवडे आरएनए काढायची किट बदलली होती. लेबल वाचायला तिला अर्धं मिनिट लागलं, नंतर बराच वेळ ती काही बोललीच नाही.

पेशींवर घालायच्या माध्यमाचंही तेच. डीएमईएममध्ये १.८ मिलिमोलर कॅल्शियम असतं, आरपीएमआयमध्ये ०.४२. माध्यम बदललं असेल तर तेही "काहीच बदललं नाही"मध्ये धरायचं नाही.

*माध्यमाचा रंग.* बायकार्बोनेटवाली माध्यमं सीओटू इनक्युबेटरबाहेर राहिली की जांभळट होतात, म्हणजे अल्कली वाढली. बाहेर तासभर ठेवायचं असेल तर हेपिस हे आम्लता सांभाळणारं रसायन घातलेलं माध्यम घ्या. पिवळं पडलेलं माध्यम मात्र त्याहून वाईट. आम्लात ई प्रथिन आपली घडी मोडून तीन-तीनच्या खांबांत उभं राहतं. एरवी हे पेशीच्या आत, एंडोसोम नावाच्या पिशवीत, नेमक्या वेळी व्हायचं असतं. बाहेरच झालं की परत फिरत नाही, आणि तो विषाणू वाया गेला.

*कंट्रोलच्या वेल.* पेशी नसलेली पण तीच सगळी धुलाई झालेली वेल नसेल, तर दुसऱ्या तऱ्हेवर बोलण्यात अर्थ नाही. विषाणू प्लॅस्टिकलाही चिकटतो. अशी वेल भरून आली तर आधी प्लेटवर अल्ब्युमिनचा थर द्या, धुणं वाढवा, आणि शेवटच्या धुण्यानंतर पेशी नव्या नळीत घ्या, त्याच वेलमध्ये आरएनएचं द्रावण ओतू नका. पॉली-लायसीन लावलेल्या प्लेट थंडीत पेशी सुटू नयेत म्हणून चांगल्या, पण तो थर धन भाराचा आहे. पार्श्वभूमी बदलते, त्याचा कंट्रोल वेगळा ठेवा.

थोडं काम लावणाऱ्या तपासण्या

*पेशी कशानं उचलल्या?* हा प्रश्न मी दुसरा विचारते. ट्रिप्सिन प्रथिनं कापतं, तेच त्याचं काम. तळाशी धरून बसलेली प्रथिनं कापून ते पेशी मोकळी करतं, पण हात फिरवताना वरचीही कापतं. हेपरान सल्फेटची झालर ज्या प्रथिनाला लोंबते त्याचा बाहेरचा भाग कापला, की झालर गेली. अशा ताज्या ट्रिप्सिन लावलेल्या पेशी नळीत घेऊन लगेच बाइंडिंग केलं तर शून्य येणारच, दांड्या तुम्हीच कापल्यात. रात्रभर प्लेटमध्ये बसू दिल्या तर त्या परत उगवतात. नळीतच करायचं असेल तर ईडीटीएनं उचला किंवा हलक्या हातानं खरवडा. पण ईडीटीए म्हणजे कॅल्शियम ओढून घेणारं. ते नीट धुवून काढलं नाही, तर आगीतून फुफाट्यात.

*हेपरिन कुठून आलं का?* रुग्णाच्या प्लाझ्मातून विषाणू घेणाऱ्यांनी नळीच्या झाकणाचा रंग पाहावा. हिरवं म्हणजे हेपरिन. हेपरिन हे हेपरान सल्फेटचं सख्खं भावंड, भार आणखी जास्त. विषाणूचे हात ते आधीच बांधून टाकतं, आणि वर पीसीआरही बिघडवतं. म्हणजे दोन्हीकडून शून्य. पीसीआर बिघडलंय का ते बघायला पैसे लागत नाहीत. आरएनए दहा पट पातळ करून परत चालवा. सीटी (आरएनए दिसायला लागेपर्यंतच्या पीसीआरच्या फेऱ्या) साधारण ३.३ ने वाढायला हवी. तेवढी वाढली नाही, किंवा उलट कमी झाली, तर नमुन्यात अडथळा आणणारं काहीतरी आहे.

हेच हेपरिन मी मुद्दाम कंट्रोल म्हणूनही वापरते. विषाणूत आधी हेपरिन मिसळून चिकटणं बरंच घसरलं, तर पकड हेपरान सल्फेटची. मॅनन (मॅनोजची साखळी) घालून घसरलं, तर डीसी-साइनची. कशानंच घसरलं नाही, तर प्लॅस्टिककडे परत जा.

*पेशी धुण्यात गेल्या का.* थंडीत व्हेरो गोल होतात आणि सैल पडतात. तिसऱ्या धुण्याला अर्धी चादर वाहून गेली, तर विषाणू कमीच दिसणार. सूक्ष्मदर्शकाखाली बघा, आणि पेशीच्या एखाद्या जीनच्या प्रमाणात आकडा मांडा. पीबीएस वेलच्या भिंतीवरून सोडा, मध्यावर धार धरू नका. यापलीकडे यात काही नाही.

*विषाणूचा साठा.* वजा ८० च्या फ्रीझरची वीज कधी गेली होती का, कुपी कितीदा वितळली, ते वहीत हवं. प्रत्येक वेळी काही कण मरतात. एक कुपी एकदाच. पण इथे एक फसवं आहे. आरटी-पीसीआर जिवंत-मेलेल्यात फरक करत नाही. आरएनएचा आकडा भरपूर आणि प्लाक (जिवंत विषाणूनं पेशींच्या थरात पाडलेली भोकं) नगण्य, असा साठा कागदावर तगडा दिसतो. म्हणून नव्या साठ्याचे प्लाक मोजाच. डेंग्यूला ५ ते ७ दिवस लागतात, धीर धरा.

पाचव्या तऱ्हेबद्दल: सीरमनं वाढतं तेव्हा

हे ज्याला पहिल्यांदा दिसतं त्याला वाटतं नळ्यांची अदलाबदल झाली. झालेलीही असते कधीकधी. पण पेशी के५६२ किंवा यू९३७ या रक्तपेशींच्या वाणाच्या असतील, किंवा दात्याच्या रक्तातून काढलेल्या मोनोसाइट, तर वाढ खरी असू शकते. त्यांच्यावर एफसी रिसेप्टर, म्हणजे अँटिबॉडीची शेपटी धरणारे, असतात. विषाणूला पुरतं निकामी करण्याइतक्या अँटिबॉडी नसल्या की त्या मूठ होऊन बसतात, आणि पेशी त्या मुठीला धरते. व्हेरोवर हे रिसेप्टर नसतात, म्हणून तिथे हा खेळ दिसत नाही.

तपासायला सोपं: तेच सीरम व्हेरोवर लावा, आणि १:१० पासून १:१०,००० पर्यंत पातळ करत जा. दाट असताना कमी, मध्ये वाढ, पुढे परत सपाट, असा उंचवटा आला तर तुमची चूक नाही. दुसरी गोष्ट, "निरोगी दाता" म्हणून लॅबमधल्या कुणाचंही रक्त घेऊ नका. २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीत ५ ते ४५ वर्षांच्या लोकांपैकी ४८.७ टक्क्यांच्या रक्तात डेंग्यूच्या अँटिबॉडी सापडल्या. आपल्याकडे निगेटिव्ह कंट्रोल रस्त्यावर मिळत नाही, आधी तपासून घ्यावा लागतो.

अवघड आणि खर्चिक

इथपर्यंत काही सापडलं नाही तर मग खिशाला हात घाला.

पेशींवर रिसेप्टर आहे का, ते फ्लो सायटोमीटरवर (रंग लावलेल्या पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) बघा. डीसी-साइन बाहेरून बसवलेल्या पेशी पिढ्या वाढत गेल्या की तो टाकून देऊ शकतात. जुनी गोठवलेली कुपी काढून शेजारी चालवा. हेपरान सल्फेटचा संशय असेल तर सीएचओच्या पीजीएसए-७४५ या वाणाची जोड लावा. त्यांच्यावर ही झालर बनतच नाही. साध्या सीएचओवर चिकटतो आणि यांच्यावर नाही, एवढं दिसलं की वाद मिटला.

मायकोप्लाझ्मा, म्हणजे संवर्धनात शिरणारे अगदी बारीक जिवाणू. पेशी दिसायला ठणठणीत, माध्यम स्वच्छ, आणि तरी आकडे लहरी. डीएपीआय रंग लावला की केंद्रकाबाहेर बारीक ठिपके दिसतात, पीसीआरनं पक्कं होतं. औषध घालून वाचवायच्या भानगडीत मी पडत नाही. टाकून देते.

विषाणू कुठल्या पेशीत वाढवला, हा प्रश्न मुलं कधीच विचारत नाहीत. डासाच्या सी६/३६ पेशीत वाढलेल्या विषाणूच्या साखरेत मॅनोज जास्त असतं, म्हणून डीसी-साइन त्याला जास्त घट्ट धरतं. तोच विषाणू व्हेरोमध्ये वाढवला की साखर बदलते आणि पकड सैल होते. साठा एका बॅचला सी६/३६ चा, पुढच्याला व्हेरोचा, असं झालं की चौथी तऱ्हा तयार. (जाता जाता: सी६/३६ चं मूळ पुण्याचं. के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये तिथल्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या, त्यातूनच इगाराशींनी १९७८ मध्ये हा वाण निवडला. जगभरच्या लॅब आज तो वापरतात. आमच्या मुलांना वाटतं तो अमेरिकेतून आला.) त्यातच सी६/३६ मधून बाहेर पडणाऱ्या कणांत अर्धवट पिकलेले कणही बरेच असतात, हे आकडा वाचताना ध्यानात ठेवा.

आणि शेवटची गोष्ट, साठ्याचं वय. लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या वाढवलेला विषाणू तिथल्या पेशींना सरावतो. ई प्रथिनावर धन भार वाढवणारे बदल टिकतात आणि तो हेपरान सल्फेटला गच्च चिकटतो. चिकनगुनियाच्या १८१/२५ या लसीच्या वाणात ई२ प्रथिनाच्या ८२व्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन आल्यानं असंच झालंय. अशा साठ्याचे आकडे छान येतात, पण ते रुग्णातल्या विषाणूबद्दल फारसं सांगत नाहीत. हे फक्त सिक्वेन्सिंगनं कळतं.

इथे थांबा, दुसऱ्याला बोलवा

सेफ्टी कॅबिनेटचा गजर वाजला, हवा उलटी फिरतेय असं वाटलं, किंवा प्रमाणपत्राची तारीख उलटली असेल, तर प्रयोग त्याच क्षणी बंद. फिल्टर स्वतः उघडायचा नाही. प्रमाणित इंजिनिअर येईपर्यंत विषाणूची एकही कुपी काढायची नाही.

सुई टोचली, डोळ्यात उडालं, सांडलं: आधी धुवा, संस्थेच्या जैवसुरक्षा अधिकाऱ्याला कळवा, डॉक्टरकडे जा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून घरी बसू नका, काय हाताळत होतात ते डॉक्टरांना सांगा. आणि तापावर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनानं घेऊ नका, डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो.

चिकनगुनियावर हाच प्रयोग करायचा असेल तर मला फोन करू नका. अमेरिकी नियमावलीत तो तिसऱ्या दर्जाच्या लॅबमध्ये हाताळायचा विषाणू आहे. आपल्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आणि तशी सोय असलेली लॅब, या दोन्हींशिवाय सुरुवातच नाही.

सिक्वेन्स आणि पेशीच्या वाणाची ओळखतपासणी बाहेर पाठवा. हे दोन्ही घरी जमवण्याच्या नादात मी एकेकाळी एक अख्खा उन्हाळा घालवलाय.

बाकी, तीन वेळा सगळं नीट करूनही शून्य आलं तर चौथ्यांदा तेच करू नका. मला फोन करा, पण आधी तीन गोष्टी पाठवा: पीबीएसच्या बाटलीच्या लेबलचा फोटो, पेशी कशानं उचलल्या ते, आणि साठा कुठल्या पेशीत वाढवला ते. दुपारी एक ते दोन सोडून. तेव्हा मी शेव-उसळ खायला गेलेली असते.